पुलापर्यंत

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची रेसिंगची सायकल आमच्या शहापूरच्या घरात जिन्याखाली राहिली. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल. वर्षभर मी तिच्यावर फडकी वाळत घालत होते.

त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, वाचा तेवढी शाबूत राहिली. त्यांना क्षणभरही एकटं राहवत नसे. मी स्वयंपाकघरात गेले तरी हाक यायची, "कुटं गेलीस गो?" न्हाणीत असले तरी तीच हाक. नवरा वाशिंदच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला की झोपायच्या आधी तासभर आईजवळ बसायचा. दिवसातला तेवढाच वेळ माझा. त्यात मी भाजी आणायचे आणि परत यायचे.

एकदा सकाळी फडकी बाजूला केली, हवा भरली आणि सायकल रस्त्यावर काढली. लहानपणी मी धसईच्या शाळेत सायकलनेच जायचे, धाकट्या बहिणीला मागे बसवून. सायकल कोणी विसरतं का, असं वाटत होतं.

तोल खरंच आठवत होता. बाकी सगळं नवीन होतं. या सायकलवर वाकूनच बसावं लागतं. किन्हवलीच्या रस्त्याला लागेपर्यंत मान आखडली, तळहातांना मुंग्या आल्या आणि सीट तर नकोशी झाली. घरातून सुटून आले होते खरी, पण इथेही कोणीतरी मानगूट धरून खाली दाबतंय असं वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"आई विचारतेय, कधी येतेस?" नवरा म्हणाला.

मी वळले. पुढचे कित्येक दिवस असंच चाललं. निघायचं, अवघडायचं, फोन वाजला की वळायचं. शेवटी मुलीला सांगितलं, "तुझी सायकल माझ्या अंगाची नाही."

"सीट थोडी खाली घे आणि पुढे सरकव. आणि आई, तू हँडल गच्च धरत असशील. कोपरं सैल सोड."

सीट सरकवून घेतली, मुलीची जुनी ट्रॅकपँट घातली. कोपरं मात्र सुटेनात. फोन कधीही वाजेल म्हणून सगळं अंग ताठ असायचं. ते सैल कसं सोडायचं, हे मुलीला कुठून ठाऊक असणार?

एके दिवशी मुरबाडच्या दिशेने नदीच्या पुलापर्यंत पोचले, तरी फोन आला नव्हता. खाली कोणी म्हशी धूत होतं. समोर रस्ता उतरत गेला होता; तसंच पुढे गेलं की सरळगाव, मग धसई, माझं माहेर. जावं का? नुसतं जावं, आणि कोणाला सांगूच नये? मी कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिले. मग फोन वाजला.

"लवकर ये. आई पडली."

परत कशी आले ते आठवत नाही. नवऱ्याचा बसल्या जागी डोळा लागला होता आणि सासूबाई माझ्या मागे दारापर्यंत जायला म्हणून खाटेवरून उतरल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, कपाळाला टेंगूळ आलं होतं. मी सायकल जिन्याखाली ढकलली, तिच्यावर फडकी टाकली.

पावसाळा सरला तसं एक दिवस माझ्याकडून केस विंचरून घेताना सासूबाईंनी विचारलं, "सायकल कुटं गेली?"

"आहे तिथेच."

"चालवत नायस?"

"तुम्ही पडलात ना, आई."

त्या म्हणाल्या, "तू गेलीस का मला वाटतं, ही आता येनार नाय. म्हनून उठली."

माझा हात थांबला. पुलावर मनात काय आलं होतं, ते यांना कोणी सांगितलं? मी नुसती फणी फिरवत राहिले.

"जा," त्या म्हणाल्या. "पन सांगून जात जा. कुटवर जानार ते सांग."

दुसऱ्या दिवसापासून सांगून जाऊ लागले. "पुलापर्यंत जाते, आई." त्या मान हलवायच्या. फोन येणं हळूहळू कमी झालं, बंद मात्र झालं नाही. तळहातांच्या मुंग्या कधी गेल्या ते कळलंच नाही. उतारावर हँडलचा खालचा भाग धरून वाकले की मान दुखत नाही आता. वारा पाठीवरून जातो, आणि ती सायकल माझ्या मापाची वाटते.

पूल येतो. मी पाय टेकते, पाणी पिते, धसईकडच्या रस्त्याकडे एकदा बघते. मग सायकल फिरवते. घरी कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं, आणि मी सांगितलेलं असतं पुलापर्यंतच.