पहिली फेरी नानांची

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्या लगेच नंतर ब्रेकवाल्या नानांचं नाव घेतो. अमळनेरच्या एसटी डेपोत त्यांनी सगळी नोकरी ब्रेकवर काढली होती. गाडी किती पळते हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. "थांबस कशी?" एवढंच विचारायचे. माणसांबद्दलही तेच. पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, शेती सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. राग उना का थांबस का पोऱ्या?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या ओट्यावर गिअरच्या जुन्या सायकलींना डिस्क ब्रेक बसवायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणायचो. ओट्यावरचं ग्रीस पुसता पुसता त्या म्हणायच्या, "साऱ्या गावले थांबाडतस. म्हतारा व्हयनात, आते तरी सोता थांबा!" नाना पुढची सायकल ओढून घ्यायचे.

माझी सायकल अशीच जुनी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा वडिलांनी ती घेतली होती. आमचं गाव बोरी नदीच्या पलीकडे, आणि नदीकडे उतरणारा रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात तो चिखल रिम आणि ब्रेकच्या रबरामध्ये असा बसायचा की चढावर चाक फिरायचं नाही आणि उतारावर थांबायचं नाही. अमळनेरच्या कॉलेजच्या वेळेला गावातून एसटी नव्हती. दुसऱ्या वर्षाला माझी प्रॅक्टिकल्स इतकी बुडाली की सरांनी सांगितलं, आता एकही चुकलं तर परीक्षेला बसता येणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

नानांनी सायकल उलटी केली आणि बोटाने चिखल खरवडला. "बठ्ठा चिखल रिमवर शे. ब्रेक तठे ठेवानाच कसाले? मधमा ठेवू." म्हणजे डिस्क चाकाच्या मध्यभागी, चिखलापासून लांब. जुन्या सायकलीला डिस्कची जागाच नसते. त्यांनी जळगावहून डिस्क बसेल असे चाकांच्या मधले हब आणवले, चाकांच्या तारा नव्याने ओवल्या, मागे फ्रेमला आणि पुढे चाक धरणाऱ्या चिमट्याला लोखंडी पट्टी वेल्ड करून डिस्क आवळणारे कॅलिपर बसवले. पुढची डिस्क मात्र त्यांनी चांगली ताटलीएवढी मोठी घेतली. मी म्हटलं, "नाना, एवढी मोठी?" तर म्हणाले, "एसटीले ब्रेक लायेल मानूस शे मी. ल्हान मना हाते लागत नही."

डेपोत असताना त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. ब्रेक आवळलेली गाडी निघाली की पहिल्या फेरीला ते स्वतः पुढच्या सीटवर बसायचे. सायकलींनाही तोच नियम. मी सीटवर बसू लागलो तर दंड धरून मला उतरवलं. "मना हातना पाना शे. पहिली फेरी मनी."

धोतर खोचून ते नदीच्या उतारावर सुटले. तळाशी त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. डिस्क एकाच बाजूने ओढते, आणि जुना चिमटा काही तेवढ्या ओढीसाठी केलेला नव्हता. डावी दांडी मुडपली आणि नाना हँडलवरून पुढे फेकले गेले. मी धावत गेलो. उजवं मनगट भलतीकडेच वळलं होतं. ते म्हणाले, "ब्रेक लागना ना पन!"

आठवडाभराने प्लास्टर गळ्यात अडकवून ते ओट्यावर बसले. भंगारवाल्याकडून डिस्कसाठीच बनवलेला चिमटा आणवला होता, डिस्कही लहान होती. पाना माझ्या हातात दिला. "आवळ. अजून. आते बस, नहीतर बोल्टना आटा जाई." सगळं झाल्यावर म्हणाले, "पाना तुना, फेरी तुनी."

मी उताराच्या माथ्यावर सायकल नेली आणि खाली पाहिलं, तर नाना तळाशी रस्त्याच्या मधोमध उभे.

"नाना, बाजूला व्हा!"

"तू थांब ना! मी काबं सरकू?"

मी सुटलो. दोन्ही ब्रेक दाबले तेव्हा डोळे मिटले होते की उघडे, आठवत नाही. चाक त्यांच्या चपलेपासून वीतभर अलीकडे थांबलं. ते तसूभरही हलले नव्हते.

त्यानंतर माझं एकही प्रॅक्टिकल बुडालं नाही. नानांचं मनगट मात्र सरळ बसलं नाही आणि पाना पुन्हा हाती धरता आला नाही. मुलगा त्यांना आणि अक्कांना सुरतला घेऊन गेला. मी आता धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवतो. नोकरी लागल्यावर त्यांना पाठवलेलं पत्र असं :

"ती. नानांना साष्टांग नमस्कार. मला शाळेत नोकरी लागली. सायकल धुळ्याला आणली आहे, रोज तिच्यावरच जातो. दवाखान्यातून येताना तुम्ही म्हणाला होतात, 'तुनी मायले सांगू नको, नहीतर ती तुनी सायकल बंद करी.' मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही ओट्यावरून घसरलात असंच ती समजते, आणि आल्यागेल्याला सांगते की नानांना जरा पायाकडे पाहून चालायला हवं होतं. मला ते आता ऐकवत नाही. सवड काढून घरी या. तुम्ही समोर बसलेले असताना तिला सांगायचं आहे की त्या दिवशी सीटवर मी बसणार होतो."