शिंकेमास्तर

आमच्या गावची मुक्कामी एसटी सकाळी सव्वासहाला निघायची आणि पोलादपूरपर्यंत तिच्यात निम्मी शाळेची पोरं असायची. एके दिवशी अर्ध्या वाटेत मी शिंकले. आठवीतली मुलगी शिंकावी तशीच, तोंड वर करून, मोकळेपणी. लगेच घंटीची दोरी ओढली गेली, 'टण्' असा एक ठोका पडला आणि गाडी वळणावरच थांबली.

"कोन शिंकलं?"

नवा कंडक्टर दोन बाकांच्या मधून पुढे येत होता. उंच, किडकिडीत, खाकी शर्टाच्या बाह्या कोपराखाली ओढलेल्या. मी हात वर केला. वाटलं, आता पास काढून घेणार.

"रुमाल हाय?"

"नाही."

"मग हितं शिंकायचं." त्यांनी आपला हात दुमडून कोपराची आतली घडी नाकावर दाबून दाखवली. "तळहातात न्हाई. का? तळहातात शिंकलीस, त्याच हातानं ही दांडी धरलीस, मग ती आजी उभी ऱ्हायली, तिनं तीच दांडी धरली. शिंक तुझी, दांडी समद्यांची. कोपरानं कुनी दांडी धरतं का?"

कोणी धरत नाही, हे खरंच होतं. मी कोपरात खोटी खोटी शिंकून दाखवली, तेव्हा घंटीचे दोन ठोके पडले आणि गाडी सुटली. ड्रायव्हर मुकादमचाचा आरशातून बघत हसत होते. त्यांना ही थांबण्याची सवय झालेली दिसत होती.

कंडक्टरचं आडनाव शिंदे. घाटावरचे, वाईकडच्या कुठल्याशा गावचे. आठवड्याभरात आम्ही पोरांनी त्यांचं शिंकेमास्तर करून टाकलं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "चालंल. नाव काय बी ठेवा, रुमाल तेवढा ठेवा." त्यांच्या चामडी पिशवीत तिकिटांच्या पेटीखाली चिंध्यांची एक पुरचुंडी असे. जुन्या धोतराचे, साडीचे धुतलेले चौकोनी तुकडे. ज्याच्याकडे रुमाल नाही त्याला एक मिळे. तो परत घ्यायचे नाहीत. "धुवून आन आन् स्वतःपाशीच ठेव. दुसऱ्याचा रुमाल म्हंजे दुसऱ्याचं दुखनं."

मोठी माणसं त्यांना हसायची. शिंक ही देवाची करणी, तिला काय दार लावायचं, असं म्हणायची. पोरांचाही पहिल्यांदा विश्वास नव्हता. नाकातून काही उडतं, तर दिसत का नाही, असं सातवीतल्या एकाने विचारलं. शिंकेमास्तर म्हणाले, "दाखवतो."

त्या दिवशी गाडी पोलादपूरच्या स्टँडवर उभी होती आणि पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा तिरपा पट्टा आत आला होता. मास्तरांनी बाजाराला निघालेल्या भागाआजीकडे चिमूटभर तपकीर मागितली. आजी म्हणाली, "तुला कवापास्नं लागली रे ही सवय?" त्यांनी ती नाकात ओढली, उन्हाकडे तोंड करून उभे राहिले आणि एक सणसणीत शिंक दिली. उन्हात दवाच्या धुरळ्यासारखा एक फवारा उठला. तो लगेच खाली बसला नाही. तरंगत तरंगत तीन बाक पुढे गेला आणि मगच दिसेनासा झाला.

"आयशप्पत!" कोणीतरी म्हणालं.

दुसरी शिंक त्यांनी कोपरात घेतली. उन्हाचा पट्टा स्वच्छ राहिला. मग तिसरी आली, चौथी आली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मुकादमचाचा ओरडले, "अरे बस करो मास्तर, गाडी लेट होईल!" भागाआजीने मात्र त्या दिवसापासून तपकीर ओढली की पदर नाकाला लावायला सुरुवात केली.

हे सगळं आम्हाला गमतीचं वाटे. त्याची किंमत मला पुढच्या वर्षी कळली.

माझे बाबा मुंबईला रंगाच्या कारखान्यात होते. त्या वर्षी ते दिवाळीच्या आधीच घरी आले. ट्रंक घेऊन आले, म्हणजे परत न जाण्याच्या तयारीने आले. बरगड्या मोजून घ्याव्यात असे झाले होते. महाडच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी सांगितलं, टीबी आहे, पण बरा होणारा आहे. रोज एक इंजेक्शन, साठ दिवस, एकही चुकवायचं नाही. नंतर दीड वर्ष गोळ्या. आमच्या गावात इंजेक्शन देणारं कोणी नव्हतं. म्हणजे साठ दिवस सव्वासहाची गाडी आणि महाडपर्यंतचा प्रवास.

पहिले दोन दिवस बाबा मान खाली घालून बसले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना खोकल्याची उबळ आली. गावातले दुकानदार बाबूशेट पुढच्या बाकावर होते. ते उठून उभे राहिले.

"मास्तर, ह्याला टीबी हाय. सगळ्या गावाला ठाव हाय. ह्याला खाली उतरवा, नायतर आमी उतरतो."

दोन-चार माणसांनी माना डोलावल्या. एका बाईने आपलं मूल पदराखाली ओढलं. घंटीचा एक ठोका पडला, गाडी थांबली. मी दप्तर छातीशी धरून उठले. बाबांबरोबर आपल्यालाही उतरावं लागणार, हे मी गृहीत धरलं होतं.

शिंदेमास्तर बाबांपाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "दादा, मागल्या बाकावर खिडकीपाशी बसता का? वारं लागंल."

बाबांनी वर पाहिलं. आम्ही बौद्धवाडीतले. मागे बस, बाजूला बस, लांबून घे, हे शब्द आमच्या घरात कोणत्या अर्थाने ऐकलेले होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आजोबा चवदार तळ्याची हकीकत सांगायचे, ती ऐकतच बाबा मोठे झालेले.

"मागं नाय बसनार," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण ठाम. "माझ्या बापानं जलम मागं बसून काढला. मी उतरतो, चालत जातो. पन मागं नाय."

पोलादपूर तिथून चार मैल होतं, महाड त्याच्याही पुढे. चालत गेले असते तर पोचलेच नसते.

 आपण काय बोललो ते मास्तरांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. "चुकलं माजं," ते म्हणाले. मग ते दाराशी गेले. दाराजवळ कंडक्टरची एकट्याची जागा असते. तिच्यावरची आपली पेटी, डबा, घडी घातलेलं पांघरूण त्यांनी उचललं आणि बाक फडक्याने पुसला.

"ही माजी जागा. हितं बसा. दार हाय, खिडकी हाय, हितलं वारं कुनाच्या अंगावर न जाता भाईर जातं. रोज हितंच बसायचं."

बाबा उठले आणि त्या जागेवर जाऊन बसले. तेवढ्यात पुन्हा उबळ आली. त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडावर दाबला. ते मीच शिकवलं होतं त्यांना, घरी, पहिल्याच दिवशी.

मास्तर बाकीच्यांकडे वळले. "खोकला त्यांचा हाय. रुमाल बी त्यांच्यापाशी हाय. तुमच्यातल्या कुनाकुनापाशी हाय, दाखवा बगू."

मागच्या बाकांवरून पोरांचे हात वर झाले. पंधरा-वीस रुमाल, चिंध्या, फडकी. मोठ्या माणसांपैकी एकाकडेही नव्हता. फक्त भागाआजीने पदराचं टोक उंचावून दाखवलं.

बाबूशेट रागाने खाली उतरले. मुकादमचाचांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "शेट, पुढची गाडी अकराला हाय. थांबता का?" शेट रस्त्यावर दोन मिनिटं उभे राहिले आणि मग पुढच्या बाकावर येऊन, बाहेर बघत बसले.

साठ दिवस बाबा त्या जागेवर बसले आणि साठ दिवस शिंदेमास्तर उभे राहिले. घाटवळणाच्या त्या रस्त्यावर, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताने तिकिटं फाडत. मधल्या काळात कोणीतरी तक्रारीचा अर्ज केला. त्याचं काय झालं विचारलं तर म्हणाले, "सायबांनी इचारलं, गाडीचा नियम कुठला मोडला? म्हनलं, कंडक्टरनं बसलंच पायजे असा नियम आसंल तर दाखवा. सायेब हसलं."

गाडी मुक्कामाला आली की कधीकधी दिवेलागणीच्या आधी ते आमच्या अंगणात येत. चहा घेत. आईला त्यांनी सांगितलं की थुंकी डब्यातच हवी, डब्याला झाकण हवं, रुमाल उकळायचे आणि उन्हात घालायचे. "ऊन फुकट हाय, वयनी, आन् त्याच्याइतका डॉक्टर दुसरा न्हाई."

एकदा बाबांनी त्यांना विचारलंच. "मास्तर, तुमी येवढं कशापायी करता?"

 मास्तरांनी सांगितलं. त्यांची एकच मुलगी होती, तीन वर्षांची. तिला घेऊन ते जत्रेला निघाले होते, एसटीनेच, सुट्टीच्या दिवशी. पुढच्या बाकावर एक पोरगा आईच्या खांद्यावरून मागे तोंड करून खोकत होता. डांग्या खोकला. खोकून खोकून निळा व्हायचा, मग श्वास ओढायचा.

"मला दया आली त्याची. मी त्याला बिस्कुट दिलं. तोंड झाकायला सांगावं, पोरीला घिऊन दुसरीकडं बसावं, ह्ये सुचलंच न्हाई. कंडक्टर मानूस, रोज धा गावच्या माणसांत असतो, आन् मला म्हाईत न्हवतं. धा दिसांनी माजी पोरगी खोकाया लागली." ते थांबले. "त्या पोराचा दोष न्हाई. त्याच्या आईचा बी न्हाई. त्यांला कुनी शिकिवलंच न्हवतं."

आई आत गेली.  बाबांनी आपला कप उचलून बाजूला ठेवला आणि मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

साठावं इंजेक्शन झालं त्या दिवशी बाबांचं वजन सहा किलोने वाढलेलं होतं. गोळ्यांचं दीड वर्षही पार पडलं. मला किंवा माझ्या धाकट्या भावाला काहीही झालं नाही. शिंदेमास्तरांनी तोपर्यंत घाटावर बदली मागून घेतली होती, त्यांच्या पत्नीची तब्येत बरी नसे म्हणून. जाताना उरलेली चिंध्यांची पुरचुंडी त्यांनी मला दिली. मी पुढे डीएड केलं आणि दासगावजवळच्या एका शाळेत लागले.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाबा म्हणाले, "आता मला घाटावर ने." आम्ही विचारत विचारत त्यांच्या गावी पोचलो. मास्तर रजेवर होते, अंगणात हरभरा वाळत घालत होते. त्यांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओळख पटली नाही.

बाबांनी सगळं सांगितलं. बाबूशेट, ती जागा, साठ दिवस. मास्तर कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"आसंल," ते म्हणाले. "तुमच्यामागं आनिक लई जन बसलं त्या जागंवर, लई अंगनांत च्या प्यालो. समदी कुठं ध्यानात ऱ्हात्यात?"

बाबा हसायला लागले. ज्या गोष्टीवर आमचं घर उभं राहिलं, ती त्यांच्या लेखी रोजच्या कामातली होती.

"खोकला गेला न्हवं?" मास्तरांनी विचारलं.

"गेला."

"मग झालं तर. बसा, भाकरी खाऊन जावा."

जेवून निघालो तेव्हा नवरा-बायको दोघं आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आली. बाबा आणि मास्तर पुढे चालत होते. त्यांच्या पत्नी माझ्याबरोबर मागे होत्या. 

"आमची मंदा आसती तर तुझ्यायेवढीच आसती," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुझ्या साळंत पोरं किती?"

"बेचाळीस."

"समद्यांला शिकिवलंस? खोकायचं कसं, शिंकायचं कसं?"

"हो. पहिल्याच दिवशी."

"बरं केलंस बाई," त्या म्हणाल्या आणि माझा हात हातात घेतला. गाडी यायला बराच उशीर झाला. तोपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.