चिखलदऱ्याहून उतरताना

आम्ही तिघे मित्र दरवर्षी पोळा झाला की एखाद्या रविवारी चिखलदऱ्याला जातो. का जातो, हे आता तिघांपैकी कोणालाच सांगता येणार नाही. तलाव तोच, भुट्टे तेच आणि गप्पाही बहुतेक त्याच. अकोल्याच्या जुन्या शहरात ज्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे तो मित्र गाडी चालवतो. अंजनगाव सुर्जीला ज्याचा पानमळा आहे तो वाटेत चढतो आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आणतो. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे माझ्याकडे काही काम नसतं. मी पुढच्या सीटवर बसून सगळ्यांना नावं ठेवतो.

यंदा मात्र मला काम होतं. आदल्या संध्याकाळी दुकानवाल्याच्या बायकोचा, म्हणजे भाभींचा फोन आला.

"भाईसाब, यायच्या डोळ्यात काचबिंदू निंगाला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणे समोरचं दिसते, पन बाजूचं गेलं. गाडीले हात लावू नका म्हणे. हे मानूनच नाही राहिले. मी बोलली तं घर डोक्यावर घेते. तुमचं ऐकतीन. तुमीच सांगा त्यायले."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

सकाळी तो माझ्या दारात आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून फडक्यानं समोरची काच पुसत होता. काच आधीच स्वच्छ होती. सांगायची वेळ तीच होती, हे मला कळत होतं. पण आमच्या तिघांत गाडी ही त्याची जागा होती. माझ्या आईला नागपूरच्या दवाखान्यात नेलं ते त्यानं. पानमळेवाल्याची नवरी सासरी आणली तीही त्याच्याच गाडीतून. कोणाच्याही घरी अडचण आली की पहिला फोन त्याला जायचा, आणि तो चप्पल घालता घालताच हो म्हणायचा. अशा माणसाला त्याच्याच गाडीजवळ उभं राहून काय सांगायचं? अकोटला चहा घेताना सांगू, असं ठरवून मी बसलो. तो दरवेळी म्हणतो तसं "बिस्मिल्ला" म्हणाला आणि गाडी निघाली.

अकोट गेलं. अंजनगावही गेलं. पानमळेवाला मागं बसला आणि भाव, पाऊस, जावई या क्रमानं बोलायला लागला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. रस्ता सरळ होता आणि गाडी ठीक चालली होती, म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहायला कारण सापडायला मला कधीच वेळ लागत नाही.

धामणगाव गढी सोडून घाट लागला आणि धुकं उतरलं. त्यानं गाणी बंद केली. दरवर्षी घाटात तो गाणी मोठी करतो.

"वाच रे मास्तर, पुढच्या ट्रकवर काय लिहिलं हाय?"

मी वाचलं. थोड्या वेळानं त्यानं पाटी वाचायला लावली. मग समोरून येणाऱ्या बसचा रंग विचारला. पानमळेवाल्याला ही गंमत वाटली.

"काहून बे, मास्तरची परीक्षा घेऊन राहिला का?" तो म्हणाला.

दुकानवाला हसला. स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. मी त्या बोटांकडे बघत होतो आणि दिसेल ते मोठ्यानं वाचत होतो.

वर पोचेपर्यंत धुकं विरळ झालं होतं. तलावावर गर्दी होती, म्हणजे रविवारी असते तेवढी. अर्धं अमरावती आणि उरलेलं अकोला तिथं आलं होतं. पाण्याकडे पाठ करून लोक फोटो काढत होते. एका घोड्याला चष्मा लावला होता. इतक्या लांब येऊन माणसं तेच करतात जे घरासमोर करतात, फक्त स्वेटर घालून. पाणी हिरवट होतं आणि त्याला काठावरच्या गोंधळाशी काही देणंघेणं नव्हतं. मला ते दरवेळी आवडतं, पण मी तसं बोलून दाखवत नाही.

पायडलची नाव घ्यायची हा आमचा नेम आहे. दोघं पुढं बसून पाय मारतात, तिसरा मागं बसून खायची पानं लावतो, आणि दिशेचा दांडा दुकानवाल्याच्या हातात असतो. त्याही दिवशी त्यानं तो धरला. मी शेजारी बसलो. आता सांगावं, पाण्यावर उठून तरी जाता येणार नाही, असा विचार मी करत होतो. तेवढ्यात उजव्या बाजूनं दुसरी नाव आली. तिच्यात एक जोडपं होतं आणि एक लहान मुलगी. मला ती नाव दिसली. त्यालाही दिसली असेल असं मी धरून चाललो, आणि त्यानं दांडा नेमका तिकडेच वळवला.

धडक काही मोठी नव्हती. मुलीच्या हातातला भुट्टा पाण्यात पडला आणि ती रडायला लागली. तिच्या बापाचा आवाज चढला.

"काका, दिसत नाही का तुम्हाला?"

अशा वेळी माणूस भांडतो, नाहीतर माफी मागतो. आमचा मित्र त्या आवाजाच्या दिशेला पूर्ण मान वळवून म्हणाला, "नाही बेटा. त्या बाजूनं नाही दिसत मले."

तो पोरगा गडबडला. "नाही, नाही, तसं नाही काका," म्हणत त्यानं आपली नाव मागं घेतली. आमच्या नावेत कोणी पाय मारत नव्हतं. मागून पानमळेवाल्यानं विचारलं, "कवापासून?"

"झालं वर्ष. आधी वाटलं चष्म्याचा नंबर बदलला."

मला भाभींनी सांगितलं होतं ते मी तेव्हा बोललो. बोलून काही उपयोग नव्हता. काम त्या पोरानं केलं होतं. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली.

काठावर येऊन आम्ही रबडी घेतली. चिखलदऱ्याची रबडी सोडून कोणी उठत नाही, पण त्याची वाटी तशीच राहिली. थोड्या वेळानं त्यानं खिशातून गाडीची चाबी काढली आणि माझ्या वाटीशेजारी ठेवली.

"मी घाटात कधी चालवली नाही," मी म्हणालो.

"याले तं ट्रॅक्टरशिवाय काही येत नाही," तो पानमळेवाल्याकडे बोट करून म्हणाला. "चाल."

तो मागच्या सीटवर जाऊन बसला. इतक्या वर्षांत त्याला तिथं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पानमळेवाला पुढं माझ्या शेजारी आला. मी किल्ली फिरवली, गियर टाकला आणि तसाच थांबलो. काहीतरी राहिलं होतं. मग मागून "बिस्मिल्ला" ऐकू आलं आणि मी गाडी सोडली.

धुकं पुन्हा दाट झालं होतं. पहिल्याच उतारावर मी इतका ब्रेक दाबला की पानमळेवाल्याचं कपाळ काचेला लागता लागता वाचलं.

"ब्रेकवर नको उतरू, दुसऱ्यात घे," मागून आवाज आला. "आता डाव्या हाताले वळन येईन. हारन दे. आता सरळ. आता मोठं वळन हाय, बाहेरून घे."

वळणं त्यानं सांगितल्याप्रमाणे येत गेली. एका सरळ तुकड्यावर मी आरशात पाहिलं. मागं डोकं टेकून तो डोळे मिटून बसला होता.

"अबे, डोळे मिटून सांगून राहिला का?" मी विचारलं.

"या धुक्यात उघडून मले काय दिसते? सकाळी वर आलो तवा तरी काय दिसत होतं? असाच तं आलो."

मी कठड्याच्या कडेला गाडी थांबवली. मला भयंकर राग आला होता आणि मी त्याला नको नको ते बोललो. तिघं दरीत गेलो असतो, म्हणालो. मग आठवलं, की मलाही हे काल संध्याकाळपासून माहीत होतं आणि मी शेजारी बसून पाट्या वाचत आलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं होतं.

"आरडून झालं असनं तं चाल," तो म्हणाला. "पुढचं वळन खराब हाय."

घाट संपला. धुकं वरच राहिलं आणि खाली कपाशीवर लख्ख ऊन होतं. परतवाड्याच्या पुढं रस्ता सरळ झाला तसा मागचा आवाज बंद पडला. मग तो म्हणाला, "आता काई नाही. सपाट रस्ता हाय. आता माहं काम नाही."

मला ते सहन झालं नाही. मी हा रस्ता त्याच्याइतकाच पाहिलेला आहे. तरी विचारलं, "पुढं काय येते?"

तो थोडा पुढं सरकला. "आता डाव्या हाताले निंबाची झाडं लागतीन. दाट, पार फाट्यापावतर. सावली आली का मानूस पेंगते तिथं, सांभाळून चालव."

ती झाडं आता नाहीत. यंदाच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना सगळी कापली. तेव्हापासून तो या रस्त्यानं किती तरी वेळा गेला असेल, आज सकाळीसुद्धा गेला होता. डाव्या हाताला उघडी माती होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. पानमळेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मनात येईल ते पटकन बोलून मोकळा होणारा माणूस, पण त्यानं फडक्यातलं एक पान काढलं आणि तो ते पुसत बसला.

"आली का झाडं?" मागून त्यानं विचारलं.

"हो, आली," मी म्हणालो आणि गाडी हळू केली.