गुणगुणा, गाणं शोधून मिळेल

दिग्रसच्या बस स्टँडसमोर माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. नुसती चाल गुणगुणली तरी फोन गाणं शोधून देतो, हे मी एकदा एका गिऱ्हाइकाला दाखवलं. तेव्हापासून दुकानात चार्जरपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

*

नानाकाका रिटायर्ड कंडक्टर. रोज पेपर वाचायला येतात. त्यांनी पिक्चरचं एक गाणं गुणगुणलं, फोनने आरती दाखवली. दुसरं गुणगुणलं, तीच आरती. तिसऱ्यालाही तीच.

मला स्वतःला तिन्ही वेळा आरतीच ऐकू आली होती.

काका चष्मा पुसत म्हणाले, "तुहा फोन लय धार्मिक दिसून राह्यला."

*

एक मास्तर आले. डोळे मिटून गुणगुणले आणि गाणं झटक्यात सापडलं. मास्तर खूश. "पाहा, सूर पक्का लागते," म्हणत गेले.

फोनने बाजूच्या रसवंतीवर वाजणारं गाणं पकडलं होतं. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

माझा मित्र गजानन कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. साखरपुड्यानंतर त्याने सुनीतावहिनीला एक चाल ऐकवली होती. "तुह्यासाठी बनवली," म्हणाला होता. एकदा दोघं दुकानात आले असताना वहिनीने गंमत म्हणून तीच फोनला ऐकवली. दोन सेकंदांत जुन्या पिक्चरचं गाणं आलं, दोघांच्या जन्माआधीचं.

गजानन कव्हरं न्याहाळू लागला.

"वीस वर्षं झाले," वहिनी म्हणाली. "दोन्ही लेकरं म्या हेच म्हणून झोपवले."

मग फोनकडे बोट करून म्हणाली, "लावा आता पुरं. पुढं काय आहे, ते तरी ऐकू द्या."

पूर्ण गाणं शांतपणे ऐकलं. उठताना नवऱ्याला म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं म्हणते हा."

*

आणि कुसुममावशी. नातीचं बारसं चार दिवसांवर आलेलं. त्यांची आई पाळण्याजवळ एक गाणं म्हणायची, त्याच्या दोनच ओळी मावशींना आठवत होत्या. "बाकीचं शोधून दे, भाऊ. मले आलं नाही, त नातीले कोण म्हणीन?"

त्यांनी तीनदा म्हटलं. फोनला तिन्ही वेळा काही सापडलं नाही.

"राहू दे," मावशी म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

महागावकडच्या एक बाई फोनला काच बसवून घ्यायला थांबल्या होत्या. त्यांनी बसल्या जागी तिसरी ओळ म्हटली. मग चौथी.

मावशी परत बसल्या. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, गावं वेगळी, माहेरंही वेगळी.

"तुमाले कोणं शिकवलं?"

"माह्या आईनं."

"अन् तिले?"

"आईले असं कोण विचारते, बाई?"

मग दोघी सुरुवातीपासून म्हणू लागल्या. मावशी अडल्या की बाई थांबायच्या आणि पुन्हा मागून सुरू करायच्या. मी काच बसवून फोन काउंटरवर ठेवला. समोर पुसदची गाडी लागली, बाईंना त्याच गाडीने जायचं होतं. कंडक्टरने दोनदा आवाज दिला.

गाडी सुटली. बाई पाचव्या ओळीवर होत्या.