शुक्राच्या पाठीवरचे पाच डाग

शुक्रा माझा जोडीदार. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात आम्ही नऊ वर्षं सोड्याच्या गोण्या वाहिल्या. गोणी पन्नास किलोची. पाळीला माणशी दोनशे. ती खांद्यावर घ्यायची नाही. मानेखाली, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये घ्यायची आणि फळीवरून ट्रकात चढायचं. शुक्रा डोंगराकडच्या ठाकूरवाडीतून पायी येई आणि माझ्याआधी हजर असे.

१९९३ च्या दिवाळीनंतर गोणी टाकल्यावर त्याला सरळ व्हायला वेळ लागू लागला. उजवा हात डोक्यावर जाईना. मुकादम हरेश म्हणाला, "दवाखान्याचा कागद आण. वजन वाहून पाठ गेली असं त्यात पाहिजे. मग तुला गोण्या शिवायला बसवतो. कागदाशिवाय बसवलं तर साहेब ती गोणी माझ्या पाठीवर देतील."

शिवायचं काम बसून. ते मिळालं नाही तर शुक्राला वीटभट्टीच उरत होती, आणि भट्टीवर बसायचं काम नसतं.

रविवारी त्याची बायको चिंगी हिनं वाडीतल्या म्हाताऱ्याकडून त्याला डाग देववले. विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल करायचं, दुखरी जागा बोटानं चाचपायची आणि तिथंच टेकवायचं. पाच डाग दिले. आमच्या आगरी गावातही देत. पाठ उघडी केली की माणसाला कुठं दुखतं ते कुणीही सांगे.

सोमवारी मी त्याला पनवेलला कामगारांच्या दवाखान्यात नेलं.

"मला डाक्टरसमोर बोलता नाय येत," रांगेत तो म्हणाला.

"बोलू नको. सदरा वर कर. डाग बघून त्याला समजंल."

मी दाराबाहेर थांबलो. आतलं ऐकू येत होतं. दोन डागांचे फोड फुटले होते. "कुठं भाजून घेतलंस?" डॉक्टरांनी विचारलं. "घरी," शुक्रा म्हणाला. पुढं काही बोलला नाही. मी तसंच सांगितलं होतं. त्याला मलम मिळालं. खिडकीत कृष्णकांत नावाचा कारकून बसे. त्याच्याजवळ जाड पुस्तक होतं, त्यात प्रत्येक दुखण्याला नंबर. त्यानं नंबर घातला, शिक्का मारला. कागद इंग्रजीत. आम्ही घडी घालून आणला.

हरेशनं वाचला. "भाजलं, घरी. शुक्र्या, चुलीवर निजला होतास काय?"

सगळे हसले. शुक्राही हसला. मग त्यानं गोणी घेतली.

सुट्टीच्या दिवशी मी कृष्णकांतकडे गेलो. त्यानं पुस्तक उघडून दाखवलं. "पाठीच्या वरच्या भागाच्या दुखण्याला ७२४.१. पण डॉक्टरांनी भाजल्याचं लिहिलं, म्हणून ९४२. मी लिहिलेल्यालाच नंबर लावतो, काका. त्याला परत आणा. कधीपासून दुखतं, रोज किती वजन, हे त्यानं तोंडानं सांगायला हवं."

शुक्रा गुरुवारी यायला कबूल झाला. बुधवारी, पाळीचे चार तास झाले असताना, फळीवर त्याचा उजवा हात सुटला. गोणी गेली, मागोमाग तो. तो हात पुन्हा खांद्याइतकाही वर आला नाही. साहेबानं फाइल काढली. "पाठीची तक्रार होती तर कागदावर का नाही?" महिनाअखेरीला हजेरीतून त्याचं नाव गेलं.

दोन वर्षांनी माझी पाठ त्याच जागी धरली. मी डाग घेतले नाहीत. डॉक्टरांसमोर उभा राहून वर्षं सांगितली, वजन सांगितलं, दिवसाच्या गोण्या सांगितल्या. कृष्णकांतनं ७२४.१ घातला. मी शिवणीवर बसलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

शिवणीला लागलो त्याच वर्षी शुक्रा मला कोन गावाजवळच्या भट्टीवर भेटला. चिंगी विटा वाहत होती. तो डाव्या हातानं चिखल साच्यात दाबत होता. मला बघून त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून तो कागद काढला.

"बळीराम, यात पाठीचं कायच नाय का?"

"नाय. भाजल्याचं हाय."

"भाजलं तर हुतंच." कागद त्यानं परत पिशवीत ठेवला. "तुला बसायचं काम दिलं म्हनतात. तू काय सांगितलंस डाक्टरला?"

"कवापासून दुखतं, किती वजन, त्ये."

"मग मला बोलू नको का म्हनलास?"

चिंगी डोक्यावर विटा चढवत होती, मी चळतीला हात लावायला गेलो. तिनं कोपरानं मला बाजूला केलं आणि चळत एकटीनं उचलली.