गायकवाडताईंचा गुरुवार

गायकवाडताई बसमध्ये चढल्या की आधी पुस्तक उघडत आणि मग बसायला जागा बघत. चिंचवडहून चाकणला जाणारी आमची कंपनीची बस, त्यात ड्रायव्हर शेळकेमामांनी दणक्यात लावलेली गाणी, आणि त्या गदारोळात चाळिशीच्या ताई वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायच्या. मामांनी एकदा आवाज कमी करू का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या मामा. घरी याहून जास्त असतो." मी शेजारी बसून त्यांना प्रश्न विचारायचे. उत्तर मला एकाचंही यायचं नाही, पण ऐट मात्र मास्तरणीची.

आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. नवी शिफ्ट बोर्डावर लागली की ताई तिथेच उभ्या राहून आठवडा ठरवत. पहिली शिफ्ट असली की जाताना कायदा, येताना इंग्रजी. रात्रपाळीला नुसतं सामान्य ज्ञान. "रात्रपाळीत डोकं चालत नाही गं, मी तोच नट दोनदा आवळते." एका खोलीत सासूबाई, नवरा, दोन मुलं, त्यामुळे अभ्यास काय तो बसमध्येच. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून अभ्यासालाही सुट्टी.

"कशाला एवढा जीव काढता?" मी एकदा विचारलं.

"आमच्या ह्यांना कामावरून काढलं तेव्हा कागद घेऊन वकिलाच्या दारात बसून होतो. त्यात काय लिहिलंय तेसुद्धा कळेना. आता मला आतल्या खुर्चीत बसायचंय."

पहिल्या वर्षी परीक्षा देऊन आल्या आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "झोप लागली गं मला. हॉल गार, खुर्ची हलत नाही, कुणाचा आवाज नाही. एवढी शांतता मला झोपेतच मिळते. पेपरवर देखरेख करणाऱ्या बाईंनी येऊन उठवलं." मी फिदीफिदी हसले. मग त्यांचे डोळे भरलेले दिसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या वर्षी अभ्यासाच्या आठवड्यात गुरुवारही आला. दुपारी वस्तीतल्या बुद्धविहारात कुणी नसताना ताई सतरंजीवर बसून सराव पेपर सोडवत. "अभ्यास झालाय गं. आता शांततेत जागं राहायला शिकतेय." पहिल्या काही गुरुवारी भिंतीला टेकून चक्क घोरल्या, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या वर्षी प्रवेश मिळाला. कॉलेज सकाळचं, म्हणून कंपनी सोडावी लागली. शेवटच्या दिवशी ताईंच्या हातात पुस्तक नव्हतं. मोशी यायच्या आतच त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. उद्यापासून ही जागा रिकामी, या विचाराने मला रडू येत होतं.

मामांनी आरशात पाहिलं आणि गाणी बंद केली. "झोपू द्या त्यान्ला. लय जागल्यात."

बस शांत झाली आणि ताई खाडकन जाग्या झाल्या. हात मांडीवर पुस्तक चाचपत होता.

"मामा," मी म्हणाले, "गाणी लावा."

गाणी सुरू झाली. ताई हसल्या, आणि चाकण येईपर्यंत गाढ झोपल्या.