खरी लुइझा

लुइझा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत होते. "पहाटे गेली," तिचा भाऊ म्हणाला. शेंगा तिथेच टाकून मी कोर्लईची रिक्षा धरली... त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही शाळेत एका बाकावरच्या. माझं लग्न झालं आणि ती सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेली. तिच्या वडिलांनी, इनासकाकांनी, गावभर केक वाटला होता. शेवटची व्रतं घ्यायला महिना उरला असताना ती ट्रंक घेऊन परत आली. कुणाशी भांडण नाही, काही नाही. मला म्हणाली, "तिथं मी रोज चांगली सिस्टर दिसायला धडपडत व्हते गो. देवाला काय दिसण्याशी घेणं?" पहिल्या रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला ती एकटीच गेली. बाकावरच्या बायका सरकून बसल्या, तरी ती नेहमीसारखी मोकळ्या गळ्याने गायली. काका वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले तेही कामापुरतं.

ती शिवणकाम करू लागली. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी मुलींचे पांढरे फ्रॉक, आमच्या हिंदूंकडचे लग्नाचे ब्लाउज. पनवेलला मोठ्या दुकानात बोलावणं आलं, तर "मला हितं पुरतं," म्हणाली. ती मन मारून बोलत असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नव्हतं.

मग काकांना अर्धांगवायू झाला. अंघोळ, जेवण सगळं तिनेच केलं. एका दुपारी मी समोर असताना काकांनी तिचं मनगट धरलं. "तुझं काय चुकलं न्हाय, पोरी. मीच लोकांकडं बघत राहिलो." ती त्यांची नखं कापत राहिली... फक्त एक बोट फार वेळ हातात धरून होती.

काका गेल्यावर चार वर्षांनी तिलाच कॅन्सर निघाला. मी चिडून विचारलं, "देवाकडे बरं कर म्हणून मागतेस तरी का?"

"मागते की. रडून मागते. मग म्हणते, तुझ्या मनासारखं होऊ दे. दोन्ही खरं हाय गो."

परवा नणंदेचा फोन आला. "बरी आहेस ना?" तिने सवयीने विचारलं. "मजेत" हा शब्द ओठांवर आला होता. मी थांबले आणि म्हणाले, "नाही गं. माझी मैत्रीण गेली. फार रडू येतंय." ती म्हणाली, "सांग, मी ऐकतेय."